झाडांखालची वाट आणि आपली प्रकृती

सरदार पेरू आपल्यांपैकी पुष्कळांना माहीत असेल. कोणी त्याला ‘लखनौ-४९’ म्हणतात, कोणी नुसतं ‘एल-४९’. नावात लखनौ असलं, तरी या वाणाची निवड झाली ती पुण्याजवळ, गणेशखिंडीच्या फळसंशोधन केंद्रात, १९२७ साली. मी खडकीला राहतो. तिथून गणेशखिंड पायी जाण्याच्या अंतरावर आहे. पण आज मला बोलायचं आहे ते पेरूविषयी नव्हे. त्या परिसरात झाडांखालून रोज सकाळी चालणारी जी माणसं आहेत, त्यांना त्या चालण्यातून काय मिळतं, याविषयी बोलायचं आहे.

खडकीचं नाव आपण शाळेत शिकवतो ते ५ नोव्हेंबर १८१७ च्या लढाईमुळं. पुढं तिथं लष्कराची छावणी झाली. गणेशखिंडीत मुंबईच्या गव्हर्नरांचा बंगला झाला आणि १९४९ साली त्याच वास्तूत पुणे विद्यापीठ आलं. विद्यापीठाचं आवार चारशे एकरांहून मोठं आहे. गणेशखिंडीची वनस्पती-बाग त्याहून जुनी, १८७३ सालची. सुमारे ३३ हेक्टरांची ही बाग राज्य शासनानं २०२० साली ‘जैवविविधता वारसा स्थळ’ म्हणून जाहीर केली. भोवती शहर दाटत गेलं, तरी मध्ये एवढी हिरवळ टिकून राहिली.

आता थोडं माझं सांगतो. चाळिशी उलटल्यावर माझ्या रक्तात साखर वाढली. डॉक्टर म्हणाले, “गोळ्या देतो, पण रोज अर्धा तास चाललं पाहिजे.” मी मुंबई-पुणे रस्त्याच्या कडेनं चालू लागलो. मागून ट्रकचा भोंगा, पुढून धूर, पायाखाली उखडलेली फरशी. अकराव्या दिवशी मी घरीच बसलो. काही महिन्यांनी एका सहकाऱ्यानं मला विद्यापीठाच्या आवारात नेलं. पाय तेच, वेळ तोच, पण या खेपेला चालणं सुटलं नाही. असं का झालं, याचा विचार करताना जे ध्यानात आलं, तेच तुमच्यापुढं मांडतो.

व्यायाम म्हटला की आपल्याला तालीम आठवते. जोर-बैठका उत्तमच, पण प्रकृतीला साध्या हालचालीचाही मोठा उपयोग होतो. लंडनमध्ये डॉ. जेरी मॉरिस यांनी दुमजली बसवरच्या नोकरांची पाहणी केली आणि ती १९५३ साली प्रसिद्ध केली. दिवसभर बसून गाडी हाकणाऱ्या ड्रायव्हरांपेक्षा, सारखे जिने चढणाऱ्या-उतरणाऱ्या कंडक्टरांना हृदयविकार कमी होता. दोघे एकाच गाडीत असत. फरक मुख्यतः हालचालीचा होता. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२० साली प्रमाण सांगितलं, ते असं: प्रौढ माणसानं आठवड्यातून दीडशे ते तीनशे मिनिटं मध्यम श्रमाची हालचाल करावी, शाळकरी मुलांनी रोज सरासरी साठ मिनिटं. मध्यम श्रम म्हणजे किती? चालताना शेजाऱ्याशी बोलता येईल, पण गाणं म्हणता येणार नाही, एवढे.

मग हे चालणं झाडांखालीच का? पहिलं कारण गारव्याचं. माठ पाझरतो म्हणून पाणी गार राहतं, हे आपल्या घरातल्या बायाबापड्यांनाही ठाऊक असतं. झाडाचं पान असंच पाझरत असतं. मुळांनी ओढलेलं पाणी वाफेच्या रूपानं सोडतं आणि भोवतालची हवा निववतं. शिवाय सावली असते, ती निराळीच. दुसरं कारण मनाचं. वाहत्या रस्त्यावर मन सतत पहाऱ्यावर असतं. झाडांत ते पहाऱ्यावरून उतरतं. पाखरू दिसतं, पालवी दिसते, आणि त्यासाठी मुद्दाम लक्ष द्यावं लागत नाही. इंग्लंडमधल्या एसेक्स विद्यापीठाच्या दोन संशोधकांनी २०१० साली अशा दहा अभ्यासांचे निष्कर्ष एकत्र करून पाहिले. हिरव्या जागेत केलेल्या व्यायामानं मनःस्थिती सुधारते, आणि सर्वांत मोठा फरक पहिल्या पाच मिनिटांतच पडतो, असं त्यांना आढळलं.

पण माझ्या मते तिसरं कारण सर्वांत मोठं आहे. व्यायामाचा गुण एका दिवसात येत नाही. तो रोजच्या रोज केल्यानं येतो. ज्या जागी मन रमतं, तिथं माणूस उद्या पुन्हा जातो. चालणं आपलं आपणच. पण उद्या पुन्हा बोलावण्याचं काम झाड करतं.

तुम्ही म्हणाल, “गुरुजी, ही शहरातली चैन झाली. आम्ही दिवसभर रानात राबतो.” खरं आहे. दिवसभर खुरपणी करून आलेल्या बाईला फिरायला जा म्हणून सांगणं हा अन्याय आहे. तिला सावलीतली विश्रांती हवी. पण हल्ली नांगरट ट्रॅक्टरनं होते, चावडीवर जायला मोटारसायकल लागते, आणि संध्याकाळी पोर मोबाइल घेऊन कोपऱ्यात बसतं. आम्ही मास्तर लोक तर खुर्चीचेच. मधुमेह आता गावाची वेस ओलांडून आत आला आहे.

जपून करायच्या गोष्टी थोड्या आहेत. हिवाळ्यात पहाटे चुलींचा धूर गावावर चादरीसारखा पसरलेला तुम्ही पाहिला असेल. जमिनीलगतची हवा थंड, वरची उबदार. म्हणून धूर वर जात नाही. शहरातल्या वाहनांच्या धुराचंही तेच होतं. तेव्हा थंडीत ऊन जरा वर आल्यावर निघावं. मधुमेहाची औषधं घेणाऱ्यानं खिशात साखरेची पुडी ठेवावी. छातीत दुखलं वा फार धाप लागली, तर तिथंच थांबावं आणि डॉक्टरला गाठावं. पावसाळ्यात उंच गवतात शिरू नये.

शेवटी शिक्षकांना एक विनंती आहे. खडकी-गणेशखिंडीची झाडं आमच्या पिढीनं लावलेली नाहीत; आम्हांला ती आयती मिळाली. उद्या रस्ता रुंद करायला त्यांतली निम्मी गेली, तर एवढी सावली परत यायला दोन पिढ्या लागतील, आणि तोवर आमची मुलं भोंग्यांमधूनच चालतील. मग ती किती दिवस चालतील, हे मी माझ्या अनुभवावरून सांगू शकतो. तुमच्या शाळेच्या पटांगणाला कडेनं कडुनिंब, करंज, वड लावा. एकेक झाड एकेका वर्गाकडं सोपवा आणि तीन उन्हाळे त्याला पाणी घालून जगवा. झाडांच्या आतल्या बाजूनं पायवाट मोकळी ठेवा. सकाळी तिच्यावरून मुलं धावतील. शाळा सुटल्यावर फाटक बंद करू नका. गावातल्या म्हाताऱ्या माणसांना आणि लेकीसुनांनाही निर्धास्तपणे चालायला जागा हवी असते. रस्त्यावर ती त्यांना मिळत नाही.