संघीय अर्थचालना निधी आणि घटक राज्याचे उत्तरदायित्व : कॅलिफोर्नियाचे उदाहरण

प्रस्तावना

२००८ च्या वित्तीय संकटानंतर अमेरिकेतील घटक राज्यांचे करउत्पन्न झपाट्याने घटले. बहुतेक राज्यांवर अर्थसंकल्प संतुलित ठेवण्याचे बंधन असल्याने मंदीच्या काळातच खर्चास कात्री लावणे त्यांना भाग पडते. ही उणीव भरून काढण्याच्या हेतूने १७ फेब्रुवारी २००९ रोजी राष्ट्राध्यक्ष बराक ओबामा यांनी 'अमेरिकन पुनरुत्थान व पुनर्गुंतवणूक कायद्या'वर स्वाक्षरी केली. प्रारंभीच्या अंदाजानुसार त्याचे आकारमान ७८७ अब्ज डॉलर होते. हा निधी राज्याने कसा हाताळला व त्याचा हिशेब कसा सादर केला, याचा विचार प्रस्तुत लेखात कॅलिफोर्नियाच्या संदर्भात केला आहे.

निधीचा स्वीकार

निधी मिळण्यापूर्वी राज्यपालाने तो आर्थिक वाढ व रोजगारासाठी वापरला जाईल, असे प्रमाणित करणे आवश्यक होते. अमेरिकेतील राज्यपाल हा लोकनिर्वाचित कार्यकारी प्रमुख असतो, हे येथे ध्यानात घ्यावे. दक्षिण कॅरोलिनाचे राज्यपाल मार्क सॅनफर्ड यांनी सुमारे ७० कोटी डॉलर नाकारले, तेव्हा राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने जून २००९ मध्ये त्यांना त्यासाठी अर्ज करण्याचा आदेश दिला. कॅलिफोर्नियात असा वाद उद्भवला नाही. राज्यपाल अर्नोल्ड श्वार्झनेगर यांनी मार्च २००९ मध्ये स्वतंत्र कृतिदल नेमले आणि पुढील महिन्यात लॉरा चिक यांची या निधीपुरती महानिरीक्षक म्हणून नियुक्ती केली.

अहवालाची कार्यपद्धती

कायद्याच्या १५१२ व्या कलमानुसार निधी घेणाऱ्याने प्रत्येक तिमाही संपल्यानंतर दहा दिवसांच्या आत मिळालेली रक्कम, झालेला खर्च, कामाची स्थिती आणि रोजगाराची संख्या कळवावयाची होती. आपल्याकडील उपयोगिता प्रमाणपत्र बहुधा दप्तरात राहते. येथे मात्र माहिती थेट सार्वजनिक संकेतस्थळावर जात असे. राज्याकडून निधी घेणारे शालेय जिल्हे, नगरपालिका यांचीही माहिती त्यात यावयाची होती. कॅलिफोर्नियाने ती एकत्र करून केंद्रवर्ती पद्धतीने सादर केली.

ऑक्टोबर २००९ च्या पहिल्या अहवालांत देशभरातील त्रुटी उघड झाल्या. काही नोंदींत तर अस्तित्वातच नसलेले प्रतिनिधिगृहाचे मतदारसंघ आढळले. वृत्तपत्रांनी त्याची खिल्ली उडविली, परंतु तो दोष माहिती भरताना झालेल्या चुकांचा होता. रोजगाराच्या आकड्यातील दोष अधिक मूलगामी होता.

रोजगार मोजावयाचा कसा?

आरंभी 'निर्माण झालेले वा वाचविलेले' रोजगार मोजण्याचे निर्देश होते. वाचविलेला रोजगार सिद्ध करण्यासाठी निधी नसता तर काय घडले असते, हे ठरवावे लागते. ते कोणत्याही लिपिकाच्या आवाक्याबाहेरचे आहे. कॅलिफोर्निया राज्य विद्यापीठाने २६ हजारांहून अधिक रोजगार वाचल्याचे कळविले. ही संख्या त्याच्या एकूण कर्मचाऱ्यांच्या निम्म्याहून अधिक होती. एवढी कपात होणार होती, असा विद्यापीठाचाही दावा नव्हता. त्या निधीतून तितक्यांचे वेतन दिले गेले, एवढाच त्याचा अर्थ.

१८ डिसेंबर २००९ रोजी संघीय व्यवस्थापन व अर्थसंकल्प कार्यालयाने निकष बदलला. निधीतून वेतन दिलेले एकूण तास भागिले पूर्णवेळ कर्मचाऱ्याचे तिमाही तास, म्हणजे साधारणतः ५२०, असे सूत्र आले. दोघांनी पूर्णवेळ व एकाने अर्धवेळ काम केल्यास १३०० तास होतात व नोंद २.५ होते. हे सूत्र पडताळणीयोग्य आहे. मात्र ते रोजगारवाढ मोजत नाही, वेतनाचा स्रोत मोजते. शिवाय निकष बदलल्यामुळे पहिल्या तिमाहीची पुढील तिमाहींशी तुलना करता येत नाही.

याहून गंभीर मर्यादा क्वचितच चर्चिली जाते. राज्यांना मिळालेल्या साहाय्यातील सर्वांत मोठा हिस्सा, म्हणजे गरिबांच्या वैद्यकीय साहाय्य योजनेतील वाढीव संघीय वाटा, या रोजगार-अहवालांच्या कक्षेतच नव्हता. त्यामुळे राज्याची जी रक्कम मोकळी झाली, ती सर्वसाधारण खर्चात मिसळली; तिने किती शिक्षक वा परिचारिका कामावर राहिल्या, हे कोणत्याही तिमाही तक्त्यात सापडत नाही. संघीय देखरेख मंडळ सप्टेंबर २०१५ मध्ये बरखास्त झाले आणि त्याचे सार्वजनिक संकेतस्थळही बंद पडले.