शेततळ्यांतील मासळी आजारी दिसूं लागल्यास

मांजरा नदीवरील धनेगांवचें धरण कोरडें पडून एप्रिल २०१६ मध्यें लातूर शहरास मिरजेहून आगगाडीनें पाणी पुरवावें लागलें, ही गोष्ट वाचकांच्या स्मरणांत असेलच. त्याच वर्षीं सरकारनें ‘मागेल त्याला शेततळें’ ही योजना सुरू केली, व आमच्या युसूफ वडगांवसारख्या पावसावर हवाला ठेवून असलेल्या गांवांना अशा तळ्याचें मोल अधिकच कळूं लागलें. तळें आहेच, तर त्यांत मासे कां सोडूं नयेत, असा विचार करून कित्येक शेतकरी बंधू कटला, रोहू व मृगळ यांचें बीज आणून सोडतात. हें बीज आज सहज मिळतें याचें श्रेय डॉ. हिरालाल चौधरी व त्यांचे सहकारी यांस आहे. त्यांनीं जुलै १९५७ मध्यें ओरिसांत माशांस मेंदूखालील ग्रंथीचा अर्क टोचून त्यांचें प्रजनन घडवून आणलें. तोंपर्यंत बीजासाठीं नदीवरच अवलंबून राहावें लागे.

परंतु बीज मिळणें सोपें झालें तरी तें जगविणें सोपें झालेलें नाहीं. आठ-आठ महिने पोसलेली मासळी एखाद्या सकाळीं पांढरीं पोटें वर करून तरंगतांना दिसली म्हणजे धनी घाबरतो आणि औषधाच्या दुकानाकडे धांव घेतो. आमचें म्हणणें असें कीं, ही धांव बहुधा व्यर्थ जाते. माशाचा आजार हा पुष्कळ वेळां पाण्याचा आजार असतो. मोठ्या शहरांत कांहीं हौशी लोक काचेच्या टाकींत समुद्रासारखें खारें पाणी करून त्यांत मऊ प्रवाळ पाळतात. प्रवाळ हा प्राणी खरा, पण तो जागचा हलत नाहीं कीं ओरडत नाहीं. बिघाड झाला म्हणजे अंग आंखडून घेतो, एवढेंच. त्यांतील जाणते लोक टाकींत औषध ओतण्यापूर्वीं पाण्याचा खारेपणा, उष्णता व सामू मोजतात, आणि गेल्या चार दिवसांत काय बदललें याची उजळणी करतात. शेततळ्यासहि हीच रीत लावावी. पंचनाम्यांत आधीं स्थळ, वेळ व प्रत्यक्ष दिसलें तें लिहितात, कारणाचा निर्णय मागाहून होतो. मेलेल्या माशांचाहि असाच पंचनामा झाला पाहिजे.

पहिली नोंद वेळेची. मासे पहाटे पृष्ठभागाशीं येऊन तोंडें उघडमीट करीत असतील आणि ऊन्ह चढल्यावर पुन्हां खालीं जात असतील, तर पाण्यांत प्राणवायु कमी पडला असें समजावें. पाण्यांतील हिरवें सूक्ष्म शेवाळ दिवसा उन्हांत प्राणवायु सोडतें. रात्रीं मात्र तेंहि माशांप्रमाणेंच प्राणवायु घेऊं लागतें. सबब सूर्योदयापूर्वींची घटका ही तळ्यांतील सर्वांत अडचणीची घटका होय. त्यांत दोन-तीन दिवस आभाळ राहिलें, वारा पडला, किंवा दाट शेवाळ एकाएकीं मरून कुजूं लागलें, तर ही तूट जीवघेणी होते. हिरवें पाणी रातोरात तपकिरी किंवा स्वच्छ झालें तर तें शुभ चिन्ह मानूं नये. उन्हाळ्यांत अडचण वाढण्याचें आणखी एक कारण आहे. २० अंश उष्णतेच्या एका लिटर पाण्यांत सुमारें ९ मिलिग्रॅम प्राणवायु मावतो, तर ३० अंशांवर साडेसातच. कार्प जातीच्या माशांस ५ मिलिग्रॅम असला म्हणजे सुख वाटतें. ३ च्या खालीं ते कष्टी होतात.

अशा वेळीं खाद्य तत्काळ बंद करावें. शेण किंवा पेंड त्या दिवशीं पाण्यांत पडूं देऊं नये, कारण कुजणारा पदार्थहि प्राणवायुच खातो. मोटर किंवा इंजिन लावून तळ्यांतीलच पाणी उचलावें व उंचावरून फवाऱ्यासारखें पुन्हां तळ्यांत पाडावें. पहाटे वीज असेलच असें नाहीं. म्हणून ज्यानें मासे पाळले त्यानें इंजिनांत डिझेल भरून ठेवावें. बोअरचें ताजें पाणी सोडल्यास उपयोग होईल असें पुष्कळांस वाटतें, परंतु खोल भूगर्भांतील पाण्यांत प्राणवायु फारच थोडा असतो. तें दगडांवरून किंवा फळीवरून आपटत येईल अशी व्यवस्था केली तरच त्याचा लाभ.

दुसरी नोंद, कोण मेलें याची. प्राणवायु कमी पडल्यास बहुधा मोठे मासे आधीं जातात. मरळ व मागूर हे हवेंतून श्वास घेऊं शकतात, म्हणून ते तग धरतात. उलट लहान-मोठे सर्व मासे भर दुपारीं तडफडूं लागले आणि त्यांच्याबरोबर बेडूक व पाणकिडेहि मेले, तर विषाचा संशय घ्यावा. मग शेजारच्या सोयाबीन किंवा कापसावर काल काय फवारलें, पावसाचा ओघळ कोठून आला, आणि फवारणीचा पंप कोणीं तळ्यांत धुतला काय, हें विचारावें. सायपरमेथ्रिनसारखीं कीटकनाशकें माणसास फारशीं जाणवत नाहींत अशा मात्रेंतहि माशांस मारक ठरतात. वरच्या अंगास हातभर बांध घालून ओघळ वळविणें हाच त्यावर खरा उपाय. विष एकदां पाण्यांत मिसळल्यावर फारसें कांहीं हातीं राहत नाहीं.

आतां चुन्याविषयीं थोडें विस्तारानें लिहितों, कारण मासे मलूल दिसले कीं ‘चुना टाका’ हा सल्ला जो तो देतो. कोंकणांतील आंबट मातीच्या पाण्यांत तो सल्ला योग्य असेल. आमच्या काळ्या जमिनींतील पाणी बहुधा अगोदरच अल्कधर्मी असतें. माशांच्या विष्ठेंतून व उरलेल्या खाद्यांतून अमोनिया तयार होतो. त्याचा विषारी भाग किती, हें पाण्याच्या सामूवर व उष्णतेवर ठरतें. ३० अंश उष्णतेच्या पाण्यांत सामू ७ असतां हा भाग शंभरांत एकाहूनहि कमी असतो. ८ असतां सात-आठ होतो. आणि ९ झाला कीं जवळजवळ निम्मा अमोनिया विषारी होऊन बसतो. अशा पाण्यांत कळीचा चुना टाकणें म्हणजे जें विष निद्रिस्त होतें त्यास जागें करणें होय. सामू पाहण्याच्या कागदी पट्ट्या शोभेचे मासे विकणाऱ्या दुकानांतहि मिळतात. सकाळीं व दुपारीं अशा दोन्ही वेळां पट्टी बुडवून पाहावी, कारण शेवाळ दाट असल्यास दुपारीं सामू बराच चढतो. तो साडेआठाच्या पुढें असेल तर चुन्याचें नांव काढूं नये. खाद्य थांबवावें व जमेल तितकें पाणी बदलावें. काढलेलें पाणी पिकास दिलें तर तें वायां जात नाहीं, उलट खताचें काम करतें.

पाण्याची पारख करण्यास दुसरें एक स्वस्त साधन आहे. इटलींतील आंजेलो सेक्की यांनीं १८६५ सालीं समुद्राची पारदर्शकता मोजण्यास पांढरी तबकडी वापरली होती. आपल्याकडे जुन्या ताटलीस दोरी व वजन बांधलें तरी पुरे. ती ३० ते ४५ सेंटिमीटरवर दिसेनाशी झाली तर पाणी ठीक. वीतभर खोलीवरच नाहींशी झाली तर शेवाळ फाजील झालें, खत व खाद्य आवरावें.

खरे रोग त्या मानानें थोडे. मासे कडेस अंग घांसत असतील तर एक मासा धरून पाहावा. चपटी, वाटोळी ऊ डोळ्यांस दिसते. थंडींत अंगावर लाल व्रण पडणारा बुरशीचा रोग भारतांत १९८८ पासून पसरला. अशा वेळीं मेलेला मासा काढून पुरावा, दुसऱ्याच्या तळ्यांत तेंच जाळें नेऊं नये, आणि कृषि विज्ञान केंद्रांत किंवा मत्स्यव्यवसाय खात्याच्या कार्यालयांत आजारी जिवंत मासा दाखवावा. औषधाची मात्रा पाण्याच्या मापानें ठरते, डोळ्यांच्या अंदाजानें नव्हे. ३० मीटर लांब, तितकेंच रुंद व ३ मीटर खोल, उतरत्या कडांचें तळें भरलें असतां त्यांत सुमारें २२ लाख लिटर पाणी असतें. तेंच चैत्रांत किती उरतें तें ज्याचें त्यानें मोजावें.

आणि येथेंच पुष्कळांचा हिशेब फसतो. भरल्या तळ्यास शोभतील इतके मासे सोडले जातात. पुढें बागेस पाणी जाऊन तळें तिसऱ्या हिश्श्यावर येतें, मासे मात्र तितकेच आणि अंगानें दसपट झालेले. प्लास्टिकचा कागद असलेल्या तळ्यांत तर तळचा गाळहि मातींत जिरत नाहीं, तो कागदावरच कुजत राहतो. म्हणून बीज उन्हाळ्यांत उरणाऱ्या पाण्याच्या मानानें सोडावें. वरील मापाच्या तळ्यांत आम्ही पांचशेंहून अधिक बोटुकली सोडण्याच्या विरुद्ध आहों. होळीच्या सुमारास एकदां जाळें टाकून मोठे मासे विकून टाकावेत. भाव चार रुपये कमी मिळाला तरी चालेल. उरलेल्यांस खाद्य कमी करावें, आणि बागेस पाणी देण्याची पाळी ठरवितांना तळ्यांत निदान पुरुषभर पाणी राहील अशी खूण काठाशीं रोंवून ठेवावी.