खिळा न ठोकता पडदा कसा लावायचा?



गेल्या वर्षी आमच्या शाळेच्या खोल्यांची दुरुस्ती निघाली आणि सहावीचा वर्ग चार महिने गावातल्या सभागृहात भरू लागला. जागा छान, हवेशीर. भिंतींना नुकताच रंग दिलेला. त्यामुळे अट एकच होती : भिंतीत खिळा ठोकायचा नाही, ड्रिल तर अजिबात नाही. अट रास्तच होती, आम्ही लगेच हो म्हटलं.

आठवड्याभरात तिसऱ्या बाकावरच्या एका मुलीच्या वहीत चुका दिसायला लागल्या. मी फळ्यावर ७ लिहावा आणि हिच्या वहीत १ असावा. मी तिला दोनदा रागावले. तिसऱ्या दिवशी दुपारी सहज तिच्या जागेवर जाऊन बसले, तर फळ्याचा उजवा अर्धा भाग नुसता पांढरा चमकत होता. तिला काहीच दिसत नव्हतं. बिचारी शेजारणीच्या वहीतून उतरवून घेत होती आणि शेजारणीचा ७ खरंच १ सारखा होता!

तर मग पडदा लावायचा, पण खिळ्याशिवाय. भाड्याच्या घरात राहणाऱ्या पालकांना ही अडचण चांगलीच माहीत असेल. घरमालक खिळे ठोकू देत नाहीत, डिपॉझिटमधून पैसे कापले जातील ही धास्ती, आणि मुलाच्या अभ्यासाच्या टेबलावर नेमकं चारचं ऊन. स्वतःचं घर असलं तरी खिडकीच्या वर बहुतेक ठिकाणी सिमेंट काँक्रीटचं लिंटेल असतं. तिथे साधा खिळा वाकतो, प्लास्टरचा तुकडा तेवढा निघतो. भिंतीत विजेच्या वायरी दडलेल्या असतात ते वेगळंच.

आधी एक काम करा. कुठल्या खिडकीला पडदा हवा आहे ते शोधा. सभागृहाला पाच खिडक्या होत्या आणि आम्ही पाचही पडद्यांचं कापड मोजायला निघालो होतो. तेवढ्यात एका मुलानेच विचारलं, "बाई, ऊन नक्की कुठून येतंय?" प्रश्न बरोबर होता. मग फळा जिथे चमकतो तिथे एक हातातला आरसा फळ्याला सपाट टेकवून धरला आणि त्या मुलीला तिच्याच बाकावर बसून विचारलं, आरशात काय दिसतं? तिने सांगितलं, दुसरी खिडकी, वरचा भाग. संपलं! आपाती कोन आणि परावर्तन कोन सारखे असतात, त्यामुळे आरशात जी खिडकी दिसते तिचाच उजेड फळ्यावरून डोळ्यांत जातो. पाचऐवजी एक पडदा, तोही अर्धा. मात्र ही तपासणी चकाकी येते त्याच वेळी करा. सकाळी एक खिडकी सापडेल, दुपारी दुसरी. घरी मुलाच्या लॅपटॉपच्या पडद्यावर उजेड पडत असेल तर तिथेही हीच युक्ती चालते.

आता वजन. खिळ्याशिवाय पडदा लावताना हा पहिला हिशेब, आणि तोच आपण करत नाही. समजा खिडकी ४ फूट रुंद आणि ५ फूट उंच आहे. छान चुण्या पडाव्यात म्हणून कापड दुप्पट घेतो, म्हणजे ८ गुणिले ५, ४० चौरस फूट, साधारण ३.७ चौरस मीटर. कापड चौरस मीटरला २०० ग्रॅमचं असेल तर पाऊण किलो झालं. त्यात रॉड, कड्या, शिवण धरली की दीड किलोपर्यंत जातं. चुण्या काढून टाकल्या, सपाट कापड लावलं, तर कापडाचं वजन निम्मं. वर्गात चुण्यांचं काय काम? जुन्या सुती साडीचा पांढरट तुकडा उत्तम. ऊन अडतं आणि उजेड पसरून आत येतो, वर्गात अंधार होत नाही. गडद रंगाचा जाड पडदा झोपायच्या खोलीला ठीक, वर्गाला नको. घरी स्वयंपाकघरातल्या काट्यावर पडदा प्रत्यक्ष मोजून घ्या, दोन मिनिटांचं काम आहे.

हे वजन भिंतीत खिळा नसेल तर पेलणार कोण? सहावीच्या विज्ञानात बलाचे प्रकार येतात, त्यात घर्षण बल आहे, चुंबकीय बल आहे. बाजारात खिळ्याशिवायच्या ज्या वस्तू मिळतात त्या बहुतेक यांच्या किंवा चिकटपणाच्या जोरावर उभ्या असतात. कुठलं बल, कुठल्या दिशेने, हे कळलं की दुकानदाराला काही विचारावं लागत नाही.

आधी घर्षणाचं बघू, कारण घरासाठी मला हेच सर्वांत भरवशाचं वाटतं. स्प्रिंगचा रॉड मिळतो, दुकानात टेन्शन रॉड म्हणून मागा. एका नळीत दुसरी नळी, आत स्प्रिंग, दोन्ही टोकांना रबर. जाड भिंतीत खिडकी आत बसलेली असते, त्या खाचेच्या दोन बाजूंमध्ये हा रॉड दाबून बसवायचा. रॉड दोन्ही बाजूंना ढकलतो आणि त्या दाबामुळे घर्षण तयार होतं. तेच पडद्याला खाली येऊ देत नाही.

मुलांना हे दाखवायचं तर पुस्तक भिंतीला लावून तळहाताने दाबायला सांगा. जोरात दाबलं तर राहतं, हात सैल केला की घसरतं. आता थोडं गणित. दीड किलो म्हणजे साधारण १५ न्यूटन वजन. रबर आणि भिंत यांचा घर्षण गुणांक अर्धा धरू. दोन टोकं आहेत, प्रत्येक टोकाला घर्षण म्हणजे दाबाच्या निम्मं, दोन्ही मिळून दाबाइतकंच. म्हणजे रॉडने निदान १५ न्यूटनने ढकललं पाहिजे. हे काही फार नाही. पण घरातलं छोटं मूल पडदा धरून पाच किलोच्या जोराने ओढतं, तेव्हा लगेच ६५ न्यूटन लागतात आणि रॉड डोक्यावर येतो. म्हणून पाळण्यातल्या किंवा रांगत्या बाळाच्या खोलीत असा रॉड बसवताना दहादा विचार करा. बसवलात तर पडदा खिडकीच्या कट्ट्यापर्यंतच ठेवा, जमिनीपर्यंत लोंबता नको.

रॉड घसरतो त्याची कारणं साधी असतात. खाचेच्या मापापेक्षा रॉड इंचभर लांब करून मग दाबून बसवावा लागतो, लोक नेमक्या मापाचा करतात आणि स्प्रिंगला दाबायला काही उरतच नाही. माप वर, मध्ये, खाली असं तीन ठिकाणी घ्या, आपल्याकडचं प्लास्टर क्वचितच सरळ असतं. रॉड फार लांब असला तर मध्ये वाकतो, टोकं तिरकी होतात आणि रबर कडेवरच टेकतं. चार-पाच फुटांपुढे जाड नळीचाच घ्या. टोकं पक्क्या भिंतीवर हवीत. सरकत्या खिडकीच्या अॅल्युमिनियमच्या पातळ चौकटीत किंवा प्लायवुडच्या पार्टिशनमध्ये रॉड ताणून बसवला तर तोच ती बाहेर ढकलतो. आणि भिंतीवरून बोट फिरवून बघा. बोटाला पांढरी भुकटी लागली तर रबर भिंतीला नाही, भुकटीला टेकणार आहे. ओल्या फडक्याने पुसून, वाळू देऊन मगच बसवा. माझ्या भाड्याच्या घरी असा रॉड तीन वर्षं आहे, दर दोन-तीन महिन्यांनी अर्धा फेरा फिरवून घट्ट करते एवढंच.

आता चिकट हुक. इथे माझी फजिती झाली ती सांगते, म्हणजे तुमची टळेल.

सभागृहात मी आधी हुकच लावले होते. साधी दुहेरी चिकटपट्टी, त्यावर हुक, हुकांवर रॉड. संध्याकाळपर्यंत छान होतं. सकाळी येऊन बघते तर पडदा जमिनीवर, आणि एका हुकाला रुपयाच्या नाण्याएवढा रंगाचा पापुद्रा! खिळा ठोकला नव्हता, तरी भिंत खराब केलीच. सभागृहाच्या काकांना सांगताना मान वर होत नव्हती.

चूक दोन ठिकाणी होती. पहिली, रंग नवा होता. वरून सुकलेला वाटतो, पण भिंतीला घट्ट धरायला त्याला वेळ लागतो. नव्या रंगावर निदान आठवडाभर, शक्यतो त्याहून जास्त दिवस काही चिकटवू नका. पट्टी रंगाला धरते, भिंतीला नाही, हे लक्षात ठेवा. चुना किंवा पोपडे आलेली भिंत असेल तर हुक घेऊच नका, आणि कोकणात पावसाळ्यात भिंतीला ओल असते तेव्हाही नको.

दुसरी चूक बलाच्या दिशेची. हाताला चिकटपट्टीचा तुकडा लावा आणि पट्टीच्या लांबीच्या दिशेने ओढा, हलणार नाही, कारण सगळी पट्टी मिळून जोर पेलते. आता कोपरा धरून सोला, झटकन निघते, कारण जोर फक्त कडेच्या एका रेषेवर येतो. हुक भिंतीला लागून असेल तर पडद्याचं वजन सरळ खाली ओढतं. माझा हुक दोन इंच पुढे आलेला होता. म्हणजे ती तरफच झाली आणि हुकाची वरची कड भिंतीपासून सोलली गेली. म्हणून चिकट हुक घ्यायचा तर कमीत कमी पुढे येणारा घ्या, पाकिटावर लिहिलेल्या वजनाच्या निम्मंच टांगा, जागा स्पिरिटने पुसून कोरडी करा आणि हुक चिकटवल्यावर तासभर तरी काही अडकवू नका. काढताना सुटून येणारी ताणायची पट्टी असलेले हुक मिळतात, ते थोडे महाग पडतात पण रंग वाचतो. पट्टीचं टोक भिंतीला समांतर, हळूहळू खाली ओढायचं. आपल्याकडे ओढलंत की रंग आलाच.

चुंबकाचे हुक लोखंडी ग्रिलला किंवा लोखंडी दाराला चालतात, अॅल्युमिनियमला नाही. स्टीलचं ग्रिल असेल तर आधी साधं चुंबक लावून बघा, पुष्कळदा धरत नाही. उभ्या पृष्ठभागावर चुंबक सुटत नाही, घसरतं, म्हणजे इथेही शेवटी घर्षणच! आणि एक सूचना कळकळीची : बटणाएवढी ताकदवान चुंबकं लहान मुलांच्या हाती लागू देऊ नका. दोन गिळली गेली तर आतड्याच्या भिंती मध्ये धरून एकमेकांना चिकटतात, शस्त्रक्रियेची वेळ येते.

आमच्या खिडकीचा प्रश्न शेवटी सुटला तो शाळेतल्या शिपाईमामांमुळे. ते म्हणाले, "बाई, भिंतीचा नादच कशाला? ग्रिल आहे की." खरंच, खिडकीला आतून लोखंडी ग्रिल होतं. वायरिंगला वापरतात तसा प्लॅस्टिकचा पाइप आणला, साडीच्या तुकड्याला वर पाइप जाईल एवढी नेफ्यासारखी शिवण घातली, आणि ग्रिलच्या आडव्या पट्टीला सुतळीने चार ठिकाणी बांधला. भिंतीला स्पर्शसुद्धा नाही. उभे गज असलेल्या जुन्या वाड्यांच्या खिडक्यांनाही हे जमतं, फक्त गाठ सरकू नये म्हणून सुतळीचा गजाभोवती दुहेरी वेढा घ्यायचा. वारा सुटला की कापड शिडासारखं फुगतं आणि वजनाच्या कितीतरी पट ओढतं, म्हणून खालची दोन टोकंही ग्रिलला बांधली.

ग्रिल बाहेरून असेल तर बांबूची चिक बाहेरच्या बाजूने बांधणं जास्त फायद्याचं. ऊन काचेतून आत आल्यावर पडदा ते अडवतो खरं, पण तोवर उष्णता खोलीत आलेली असते आणि तापलेला पडदा ती खोलीतच सोडतो. विदर्भात उन्हाळ्यात वाळ्याच्या ताट्या दारा-खिडक्यांना बाहेरूनच लावतात ते उगाच नाही. फक्त चिक असो की गुंडाळायचा ब्लाइंड, तो वर घ्यायची दोरी लोंबती ठेवू नका. दोरीचा फास लहान मुलाच्या गळ्याभोवती बसू शकतो. दोरी मुलांच्या हाताला लागणार नाही इतक्या उंचीवर गुंडाळून बांधा, आणि खिडकीजवळ पाळणा, खाट, खुर्ची ठेवू नका.

दिवाळीनंतर आम्ही आमच्या खोल्यांत परत गेलो. सभागृह सोडताना सुतळीच्या गाठी सोडल्या, ग्रिल पुसलं, झालं. तो पाइप आता वर्गात नकाशे टांगायला वापरतो. त्या मुलीने वर्गातल्या नव्या फळ्यावर आरसा धरून पहिल्याच दिवशी तपासणी केली आणि खिडकीजवळच्या बाकावर बसायला नकार दिला. पापुद्रा निघालेल्या जागेच्या रंगाचे पैसे मात्र मी भरले.