चिकावर पहिला हक्क वासराचा

राहाता तालुक्यात, लोणी-प्रवरानगरच्या पट्ट्यात, संकरित गाईंचे गोठे गावोगाव आहेत. गाय व्याली की खरवसासाठी शेजारीपाजारी चीक पोचतो. पण त्या चिकाची खरी गरज गोठ्यातच असते, आणि तीही तातडीची.

माणसाच्या बाळाला आईची प्रतिपिंडं वारेतूनच मिळतात. गाय आणि डुकरीण यांच्या वारेची रचना मात्र ही प्रतिपिंडं अडवते. वासरू काय, डुकराचं पिल्लू काय, जवळजवळ निःशस्त्रच जन्मतं. ही उणीव चीक भरून काढतो. जन्मल्यानंतर थोडाच काळ आतड्याचं अस्तर प्रतिपिंडांचे मोठे रेणू अख्खेच्या अख्खे रक्तात जाऊ देतं. साधारण 24 तासांत, पिल्लात कधी थोडं उशिरा, हे दार बंद होतं.

म्हणूनच ‘जार पडल्याशिवाय चीक पाजायचा नाही’ ही जुनी समजूत घातक आहे. जार पडायला कित्येक तास लागू शकतात.

डुकराच्या पिल्लांपुढे आणखी एक संकट असतं. डुकरिणीच्या दुधातली ‘आयजीए’ प्रतिपिंडं रोगजंतूंना आतड्याला चिकटू देत नाहीत. दरम्यान आतड्यातले ‘पेयर्स पॅचेस’ नावाचे पेशींचे पुंजके जंतूंच्या सहवासात वाढत असतात. ही तयारी व्हायला काही आठवडे लागतात. व्यावसायिक वराहपालनात दूध बहुधा तीन-चार आठवड्यांतच तोडतात. नेमकी तेव्हाच ‘ई. कोलाय’ जंतूंची हगवण गाठते.

वासराचा हिशेब सोपा आहे: वजन 30 किलो असेल, तर पहिल्या दोन तासांतच तीन लिटर चीक पाजावा. खरवस त्यानंतर.