तेलाला रक्तात नेणारे प्रथिन

जुन्नर-आंबेगावच्या घरांत पाहुण्यांसाठी मासवडी-रस्सा होतो. घोटलेल्या बेसनाच्या पोटात तीळ, सुके खोबरे आणि लसणाचे सारण, रश्श्यावर तेलाचा तवंग. तेल पाण्यात मिसळत नाही आणि रक्तात तर बहुतांश पाणीच. तरीही ते रक्तातून वाहते, कारण ते वाहून नेणारे प्रथिन लहान आतडे स्वतः घडवते. आतडे म्हणजे केवळ अन्न पुढे सरकवणारी नळी, हा समज सोडायला हवा.

तोडणे आणि जोडणे

पित्तरस तेलाचे बारीक थेंब करतो, स्वादुपिंडातले लायपेज त्यांचे तुकडे करते. हे तुकडे आतड्याच्या अस्तरपेशींत शिरले की तिथे पुन्हा जोडून मेद बनतो. खोबऱ्यातली मध्यम साखळीची थोडी मेदाम्ले मात्र थेट यकृताकडे जातात.

एकाच जनुकाची दोन प्रथिने

हा मेद वाहून नेणारे प्रथिन ज्यावरून घडते, ते ‘एपीओबी’ जनुक दुसऱ्या गुणसूत्रावर आहे. त्यावरून यकृत ४,५३६ अमिनो आम्लांचे बी-१०० बनवते. आतडे २,१५२ वरच थांबते. जनुक तेच, पण त्याचा आरएनए तयार झाल्यावर आतड्यातले एक विकर त्यातले एकच अक्षर बदलते, ‘सी’चे ‘यू’ करते. ‘सीएए’ या शब्दाचा ‘यूएए’ होतो, म्हणजे ‘इथे थांब’. प्रथिनाची लांबी ४८ टक्क्यांच्या आसपास राहते, म्हणून ते बी-४८. १९८७ मध्ये हे उलगडले. हजारो अक्षरांतले नेमके एक निवडणारी ही अचूकता मला या साऱ्या प्रक्रियेतली सर्वांत विलक्षण गोष्ट वाटते.

मेद चढतो

बी-४८ घडत असतानाच एमटीपी हे दुसरे प्रथिन त्याच्यावर मेद चढवते. मेद मिळाला नाही, तर पेशी ते बी-४८ मोडून टाकते. भरलेला कण म्हणजे कायलोमायक्रॉन. प्रत्येकात बी-४८चा एकच रेणू. जन्मतः एमटीपी सदोष असलेल्या मुलांच्या पेशींत मेद अडकून राहतो, शौचातून जातो आणि ई जीवनसत्त्वाअभावी मज्जातंतू बिघडतात. आजार दुर्मिळ, पण या प्रथिनाचे मोल त्यातून कळते.

लसीकेची वाट

हे कण केशवाहिन्यांत शिरण्याइतके लहान नसतात. ते लसीकावाहिन्यांतून वर चढतात आणि डाव्या गळपट्टीच्या हाडाजवळच्या शिरेत रक्ताला मिळतात. त्यांच्यासोबत अ, ड, ई, के जीवनसत्त्वे जातात. नारायणगावच्या टोमॅटोतले लायकोपीनही. म्हणून टोमॅटो तेलात शिजवला की ते अधिक शोषले जाते.

भरपेट जेवणानंतर या कणांनी रक्तद्रव दुधाळ दिसू शकतो. रक्तातल्या मेदाच्या, म्हणजे ट्रायग्लिसराइडच्या तपासणीआधी बहुधा रात्रभर उपाशी राहायला सांगतात, ते हे कण रक्तातून निघून जावेत म्हणून.