खेड म्हणजे कुठलं खेड?

सातबारा काढायचा म्हटलं की मुंबईतल्या खेडकराचा निम्मा दिवस जायचा. आता महाभूलेखच्या संकेतस्थळावर तो नुसता पाहायला फुकट मिळतो आणि डिजिटल सहीचा हवा असेल तर १५ रुपयांत. तरीही जिल्हा निवडा, तालुका निवडा, गाव शोधा, सर्व्हे नंबर आणि हिस्सा टाका, ही खटपट असतेच. ती करायला आता एआय एजंट तयार आहेत. ब्राउझर उघडून स्वतः क्लिक करणारी, रकाने भरणारी ही मंडळी. ऑक्टोबर २०२४ मध्ये अँथ्रॉपिकने आणि जानेवारी २०२५ मध्ये ओपनएआयने असे एजंट लोकांपुढे आणले.

‘खेडच्या जमिनीचा सातबारा दाखव’, एवढंच सांगितलं की पहिली ठेच लागते. खेड तालुके दोन. एक रत्नागिरीतला, जगबुडीकाठचा. दुसरा पुण्यातला, ज्याचं मुख्यालय राजगुरुनगर. (कर्जतची गतही तीच, एक रायगडात, एक अहिल्यानगरात.) कोकणातल्या खेडच्या भरणे नाक्यावरच्या माणसाला असा प्रश्न पडत नाही. एजंटला तो पडायला हवा, आणि पडला तर अंदाज न बांधता त्याने मालकाला विचारायला हवं. हे त्याला सांगायचं कुणी? माझ्या मते, त्याच्या हाती दिलेल्या अवजाराच्या माहितीपत्रकाने.

ब्राउझर चालवणारी अवजारं जुनीच. २००४ मध्ये शिकागोला थॉटवर्क्स कंपनीत जेसन हगिन्सने सेलेनियम लिहिलं. तेव्हा मर्क्युरी नावाच्या कंपनीची प्रतिस्पर्धी उत्पादनं बाजारात होती. पाऱ्याच्या विषबाधेवर सेलेनियम उतारा, असा नावामागचा विनोद. मायक्रोसॉफ्टचं प्लेराइट २०२० मध्ये आलं. यांची माहितीपत्रकं प्रोग्रॅमर वाचायचे. अर्धवट लिहिलेलं असलं तरी अनुभवाने भर घालायचे, अडलं तर सहकाऱ्याला विचारायचे. आता वाचक खुद्द एजंटमागचं एआय मॉडेल आहे. अवजाराचं वर्णन कामाच्या सुरुवातीलाच त्याच्यापुढे ठेवलं जातं आणि ते बरंचसं त्यावरच विसंबून पाऊल टाकतं.

प्रत्यक्ष काय घडतं ते पाहू. अनेक अवजारं एजंटला पानाचं चित्र न देता ॲक्सेसिबिलिटी ट्री देतात, म्हणजे अंधांच्या स्क्रीन रीडरसाठी ब्राउझर जी रचना तयार करतो, तीच. त्यात ‘यादी: जिल्हा, क्रमांक ५’, ‘यादी: तालुका, क्रमांक ६’ अशा ओळी असतात. यादीला नावच दिलेलं नसेल, तर जे अंध माणसाला अडतं तेच एजंटलाही अडतं.

एजंट पाच नंबरच्या यादीत रत्नागिरी निवडतो. आता सर्व्हरकडून तालुके येतात, पान बदलतं आणि हातातले जुने क्रमांक निकामी होऊ शकतात. माहितीपत्रकात फक्त ‘दिलेल्या क्रमांकावर क्लिक करतो’ असं असेल, तर एजंट बिनदिक्कत जुनाच सहा नंबर दाबतो आणि भलतंच काहीतरी निवडून बसतो. ‘पान बदललं की जुने क्रमांक बाद समजा, नवी रचना मागवा’ हे एक वाक्य पानभर स्तुतीपेक्षा मोलाचं. काही चुकल्यावर अवजार जे संदेश देतं त्यांचंही तेच. ‘घटक सापडला नाही’ म्हटलं की एजंट तेच क्लिक पुन्हा पुन्हा करत सुटतो. ‘गावांची यादी अजून आलेली नाही, थांबून पुन्हा पाहा’ असं लिहिलं की मार्गी लागतो. म्हणून हे संदेशही माहितीपत्रकाचाच भाग समजून लिहायचे.

पण सगळंच लिहीत सुटलं तर? मॉडेलचा मजकूर टोकनांत, म्हणजे शब्दांच्या तुकड्यांत, मोजला जातो, त्याला मर्यादा असते आणि पैसेही पडतात. त्यात देवनागरीला बहुधा इंग्रजीपेक्षा जास्त टोकनं लागतात. तालुक्यातल्या सगळ्या गावांची यादी एका दमात वाचायला लावणं महागात जातं. तेव्हा ‘हव्या त्या भागाचीच रचना कशी मागवावी’ हेही पत्रकात यायला हवं.

काय करू नये, हा भाग मात्र बहुतेक जण शेवटी दोन ओळींत उरकतात. खरं तर तो आधी हवा. कॅप्चा आला, ओटीपी मागितला, पैसे भरायची वेळ आली, की थांबून माणसाला बोलवायचं. पानावरचा मजकूर ही माहिती, हुकूम नव्हे. ‘आधीच्या सूचना विसरा’ असं एखाद्या पानात कुणी लपवून लिहिलेलं असू शकतं.

अशाच स्वयंचलित क्लिकांची दुसरी बाजू खेड स्थानकावर उतरणाऱ्या चाकरमान्याला चांगली ठाऊक आहे. गणपतीत कोकण रेल्वेचं आरक्षण उघडताच संपतं आणि संशयाची सुई दलालांच्या सॉफ्टवेअरकडे वळते. रेल्वेने २०२५ मध्ये अडीच कोटींहून अधिक संशयास्पद खाती बंद केल्याचं सांगितलं आणि १ जुलैपासून ऑनलाइन तत्काळ तिकिटाला आधार पडताळणी सक्तीची केली. दलालांचे हे उद्योग माहितीपत्रकाने आटोक्यात येणारे नाहीत. ते लिहिणाऱ्याच्या हाती एवढंच आहे, की सरळ माणसाचा एजंट भलत्या खेडला जाऊ नये.