टेप घेऊन राणीबागेत

पहाटे साडेपाच. रात्री सटाण्याहून निघालेली आमची गाडी दादरला पोचते तेव्हा अर्धी पोरं झोपेत असतात. वनस्पतिशास्त्राच्या तिसऱ्या वर्षाची ही अभ्याससहल. यंदा मी जंगल सोडून मुंबईच्या जुन्या बागा निवडल्या, तेव्हा एका पालकांनी विचारलं होतं, "मॅडम, झाडं बघायला मुंबईला कशाला?" त्यांचा प्रश्न रास्त आहे. बागलाणच्या पोरांना झाड कळतं. डाळिंबाचा बहार कधी धरायचा, पाणी कधी तोडायचं, छाटणी कुठून घ्यायची, हे त्यांना माझ्यापेक्षा चांगलं येतं. तेल्या रोगानं गेलेली बाग वडिलांनी मुळासकट उपटलेलीही त्यांनी पाहिली आहे. पण ज्याच्याकडून कुणालाच उत्पन्न नको, असं शंभर-दीडशे वर्षं वाढू दिलेलं झाड त्यांच्या फारसं पाहण्यात नाही. ते दाखवायला त्यांना इथं आणलं आहे.

साडेसहा. तोंडं धुऊन, चहा घेऊन पारशी कॉलनीतल्या फाइव्ह गार्डन्समध्ये. १८९६च्या प्लेगनंतर, १८९८ साली इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला आणि दाटीवाटीच्या शहराला मोकळी हवा मिळावी म्हणून दादर-माटुंग्याकडे नव्या वसाहती आखल्या गेल्या. इथल्या पारशी वसाहतीमागे मंचेरजी जोशी हे अभियंते होते. एकेका रस्त्याला एकेका जातीची झाडं लावायची कल्पना मला फार आवडते. घरं बांधून उरलेल्या जागेत इथं झाडं लावलेली नाहीत, ती नकाशातच होती.

साडेनऊ. भायखळा. राणीबाग बुधवारी बंद असते, म्हणून आम्ही गुरुवार धरला आहे. फाटकाशीच गट पाडते. प्रत्येक गटाकडे एक टेप आणि एक तक्ता: नाव, कुळ, मूळ देश, छातीच्या उंचीवरचा घेर, पानं-फुलांची स्थिती. बाग १८६२ साली गव्हर्नरांच्या पत्नी लेडी फ्रिअर यांच्या हस्ते खुली झाली. त्याआधी कृषी-उद्यान संस्थेची बाग शिवडीला होती, ती जागा दफनभूमीसाठी गेली. नाना शंकरशेट, भाऊ दाजी, डॉ. बर्डवुड ही मंडळी या बागेच्या आणि शेजारच्या संग्रहालयाच्या खटपटीत होती. प्राणी नंतर आले. मुळात ही झाडांची जागा, आणि हे मी पोरांना दोनदा सांगते, कारण फाटकातून आत येणारे बहुतेक लोक आधी पेंग्विन कुठे ते विचारतात.

साडेदहा. गोरखचिंच. मूळची आफ्रिकेतली, फेब्रुवारीत अंगावर पान नाही. करड्या, गुळगुळीत सालीवर हात फिरवला तर हत्तीच्या पायाला हात लावल्यासारखं वाटतं. पोरांनी आणलेला शिवणकामाचा टेप अर्ध्यातच संपतो. मग सुतळी गुंडाळून ती मोजतात. डाळिंबाच्या फांद्यांना बांधायची सुतळी बॅगेत घेऊन फिरणारी पोरं माझ्याच वर्गात असणार!

साडेअकरा. कैलासपतीपाशी बराच वेळ जातो. फुलं फांदीला न येता थेट खोडावर येतात, आणि खाली तोफगोळ्याएवढी फळं. फूल उलगडून दाखवते: पुंकेसरांचा फणा, त्याखाली बारीक पुंकेसरांचं कडं आणि मधे छोटी पिंड. पुढे उर्वशी. ब्रह्मदेशातलं हे झाड, लांब देठांवरून खाली लोंबणारी लालजर्द फुलं, पाकळीच्या टोकाला पिवळा ठिपका. कोवळी पानं तांबूस, पार मान टाकलेली. एक मुलगी म्हणते, "मॅडम, पाणी कमी पडलंय का?" नाही, या झाडाची पालवी अशीच येते, काही दिवसांत ताठ होते. उर्वशीला बी क्वचितच धरतं, म्हणून गुटी बांधून रोपं करतात, एवढं सांगितलं मात्र, सगळे पुढे सरकले. गुटी त्यांच्या घरचा विषय. शेवाळ किती दमट ठेवायचं, मुळ्या फुटायला किती दिवस लागतील, यावर तिथंच वाद सुरू झाला. पुढची वीस मिनिटं मी फक्त ऐकत होते.

एक. डबे. पेंग्विनसाठी पाऊण तास सोडते. तेवढ्यात तक्ते तपासते आणि यादी का करायची ते पुन्हा मनाशी मांडते. काही वर्षांपूर्वी प्राणिसंग्रहालयाच्या नूतनीकरणाचा मोठा आराखडा आला, तेव्हा इथली तीन हजारांवर झाडं धोक्यात येतील म्हणून नागरिक उभे राहिले. त्यांनी आधी झाडं ओळखली, मोजली, नोंदली. नाव माहीत नसलेलं झाड वाचवायला कुणी जात नाही.

अडीच. हॉर्निमन सर्कल, धावतपळत. १८३३चा टाउन हॉल, समोर गोल बाग. एके काळी या मैदानात कापसाचे ढीग पडत. पोरांना सावली हवी होती, ती मिळाली.

साडेचार. मलबार हिलचं हँगिंग गार्डन, म्हणजे फिरोजशहा मेहता उद्यान. खाली शहराला पाणी देणारा जलाशय आहे, वर मातीचा थर. जलाशयाच्या छतावर मुळं खोल जाऊ देता येत नाहीत, त्यामुळे इथं कुंपणाची झुडपं कातरून हत्ती-जिराफ केलेले. छाटणी सुबक आहे हे पोरं लगेच ओळखतात. पण सकाळच्या गोरखचिंचेनंतर इथं कुणी टेप काढत नाही.

आठ. गाडी नाशिकच्या रस्त्याला. मागच्या सीटवरून प्रश्न येतो, गोरखचिंच सटाण्यात जगेल का? जगेल, तिला कोरडी हवा मानवते. फक्त बियांचं कवच जाड, गरम पाण्यात भिजवून पेरावं लागतं. मग जागेची चर्चा. आरम नदीचा काठ? पुरात जाईल. रस्त्याकडेला? रुंदीकरणात जाईल. कॉलेजच्या मागे, पाण्याच्या टाकीपासून लांब, असं ठरतं. एकानं तक्त्यात रिकामी ओळ वाढवली आणि 'घेर'च्या रकान्यात शून्य लिहिलं. बी नर्सरीतून मागवायचं काम मी घेतलं आहे. खड्डा पोरं काढणार.